दारपट्टी

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. बसूच नये! मी स्वतः तिथं हजेरीपटावर सही करून हजर नसतो, तर माझाही बसला नसता. पण एवढं छातीठोकपणे सांगतो, की कर बसवणारे आजवर पुष्कळ होऊन गेले, मोठमोठ्या पगड्यांचे, मोठमोठ्या टोप्यांचे. पण सगळ्यात न्यायाचा कर कोणी शोधून काढला असेल, तर तो ह्या आप्पारावानं! आणि तोसुद्धा पान खाता खाता!

आमची मंडळी, म्हणजे सगुणाबाई, शेजारीच सुपात जवारी पाखडत बसली आहे. मला मोठ्यानं म्हणत म्हणत लिहायची सवय आहे. तिनं आत्ताच विचारलं, "हे खरं लिहायलाव का?"

"शब्दन् शब्द!" मी म्हणालो.

ती पुन्हा पाखडायला लागली. सुपाचा आवाज जरा वाढला, एवढंच.

तर ही गोष्ट चौऱ्याहत्तर सालची. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं अजून मला ओळखतात. परभणी जिल्ह्यातलं आहे, जिंतूरकडून येणारी यष्टी तिथं थांबते, आणि येलदरीच्या विजेच्या तारा आमच्या डोक्यावरून थेट परभणीला जातात, आमच्याकडं ढुंकूनही न बघता. मी तिथल्या नगरपालिकेत घरपट्टीचा कारकून होतो.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक आड होता. सगळा मोहल्ला तिथं धुणं धुवायचा, म्हशी धुवायचा, आणि भांडण झालं की एकमेकांनाही धुवायचा. त्या पाण्याला जायला नाली नव्हती. मग ते पाणी जायचं कुठं? कुठंच जायचं नाही! गल्लीतच मुक्काम. त्यामुळं बाराही महिने आमच्याकडं चिखल. साधासुधा नव्हे, पांढरी शेळी त्या टोकाला आत शिरली, तर ह्या टोकाला काळी होऊन निघायची आणि मालक म्हणायचा, ही माझी नव्हेच!

अशा त्या गल्लीत चारठाण्याहून सटवाजीराव आमच्या लेकीला, कोकिळेला, बघायला आले. बरोबर त्यांचा मुलगा नागनाथ. नागनाथ येलदरीला नोकरीला. देखणा, अबोल, निर्व्यसनी. दाराशी येता येता सटवाजीरावांचा उजवा पाय गल्लीत रुतला. चौघांनी मिळून ओढला तेव्हा पाय वर आला, जोडा आला नाही. नवा कोरा जोडा! तो आमच्या गल्लीनं पोटात घातला तो कायमचाच.

सटवाजीरावांनी एकाच पायात जोडा ठेवून पोहे खाल्ले, मुलीला दोन प्रश्न विचारले, आणि म्हणाले, "पोरगी लाखात एक हाय. आमाला पसंत हाय. हुंडा-बिंडा कायी नगं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "इवाई, तुमच्यासारखा माणूस..."

"थांबा. अट एक हाय."

"बोला की!"

"माझं लेकरू घोड्यावर बसून येणार. आन् ह्या गल्लीत घोडं पोटापातुर जाणार. लोक म्हणतील, नवरदेव घोड्यावर आला का चिखलावर? आखातीपातुर गल्लीत फरशी बसवा. बसली तर वरात आणतो. न्हाई तर आमी दुसरं घर बघतो, राग मानू नगा."

ते गेल्यावर कोकिळा मला म्हणाली, "बाबा, तुमी मुन्सिपाल्टीत हाव ना?"

"हाव."

"मंग?"

बस्स! एवढंच बोलली. आणि आत जाऊन तिनं नागनाथ प्यायला होता तो चहाचा कप फडक्यानं तीनदा पुसून वेगळा ठेवला. बाप झालात तर कळेल, त्या 'मंग'नं माझ्या काळजाला कसं भोक पाडलं. आखाती, म्हणजे अक्षय्य तृतीया, दीड महिन्यावर होती.

दुसऱ्या दिवशी मी नगराध्यक्षांसमोर उभा राहिलो. राधाकिशन शेठ आमचे नगराध्यक्ष. कापडाचे व्यापारी. गादीवर बसले की गादी दिसायची नाही. त्यांनी तिजोरी उघडून दाखवली. आत एक शिक्का होता, एक पाल होती, आणि पालसुद्धा वाळलेली होती.

"निम्मा खर्च सरकार द्यायला तयार हाय," शेठ म्हणाले. "निम्मा गावानं उभा करायचा. नवा कर बसवावा लागंल. कोणता बसवावा, तुमीच सांगा. बसवला की लोक मला बसू देणार न्हाईत!"

तरी त्यांनी सभा बोलावली. अशी सभा पुन्हा होणे नाही! पहिल्या बोलल्या कुसुमबाई. कुसुमबाई भीमनगरच्या सदस्य, शिवणाचं काम करायच्या, आणि माणसाचं माप टेप न लावता नजरेनंच घ्यायच्या.

"जकात वाढवा," त्या म्हणाल्या.

"वा!" शेठ म्हणाले. "जकात वाढली की कापड महाग. कापड महाग झालं की लोक उघडे फिरणार. उघड्या गावाला फरशी कशाला पायजे?"

"मंग पाणीपट्टी वाढवा," एक जण.

"नळाला पाणी हाय का? नुस्ती हवा यायलीय. हवापट्टी म्हणायची का तिला?"

"सायकलीवर बसवा!"

ह्यावर सायकलवाले तिन्ही सदस्य एकदम उठले. "बिल्ल्याचे पैसे देतोच की! आता घंटीचे निराळे घेता का?"

"कुत्र्यांवर बसवा!"

"कुत्रं कुणाचं हाय हे कुत्र्याला तरी ठावं हाय का?"

मग कुसुमबाई पुन्हा उठल्या. "हे बघा, न्यायाचा कर कोणता, ते मी सांगते. ज्याच्याकडं जास्ती हाय, त्यानं जास्ती द्यावा. ज्याच्याकडं कायीच न्हाई, त्याच्या दारात तुमच्या कारकुनानं पाऊलच टाकू नये."

कोपऱ्यात बसून मी पान चघळत होतो. दारात! माझ्या डोक्यात येलदरीची वीज चमकली. पान गिळून मी उभा राहिलो आणि ओरडलो, "दारं मोजा!"

"काय?"

"दारं! शेठ, तुमच्या घराला दारं किती?"

"असतील चौदा..."

"गरिबाच्या घराला किती? एक! मग पहिलं दार माफ. दुसऱ्या दारापासून, दर दारामागं कर. श्रीमंताला चौदा दारं, गरिबाला एक. कुणाच्या तिजोरीत बघायला नको, कुणाला खोटं बोलायला नको. दार काय पदराखाली लपवता येतं? रस्त्यावरून मोजत जायचं. दारपट्टी!"

सभेत अशी शांतता पसरली, की ती वाळलेली पालसुद्धा चुकचुकली असावी. मग कुसुमबाई म्हणाल्या, "आप्पाराव, आज तुमी पगाराचं काम केलंत!" आणि सगळे हात असे वर गेले, जणू छत खाली यायलंय आणि सगळ्यांनी ते धरून ठेवलंय. एकमतानं मंजूर! प्रत्येकानं मनातल्या मनात शेजाऱ्याची दारं मोजली होती आणि ती आपल्यापेक्षा जास्ती भरली होती.

शेठ तर सगळ्यात आधी म्हणाले, "एकदम न्यायाचा कर!" आणि सभा संपायच्या आत घरी गेले. मला तेव्हाच शंका यायला पाहिजे होती. पण मी कोकिळेच्या वरातीतला घोडा डोळ्यांसमोर बघत होतो. पांढरा होता!

नियमाप्रमाणं मोजणीच्या आधी आठ दिवस गावाला कळवावं लागतं. मी नियमाचा पक्का माणूस. मी दवंडी पिटवली, "ऐका होऽ ऐका! येत्या सोमवारी घरोघरची दारं मोजली जातील होऽऽ!"

आठ दिवस! अहो, आठ दिवसांत देवानं काय काय केलं असतं! आणि आमच्याकडं तर मुंजाजी गवंडी होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठच्या घरावरून गेलो, तर मुंजाजी एका दारात विटा रचतोय.

"शेठ, हे काय?"

"वारा लय यायलाय, आप्पाराव."

वारा! ऐन चैत्रात! झाडाचं पान हलत नव्हतं, कावळेसुद्धा चोच उघडून पंख्याची वाट बघत होते! पुढच्या घरी गेलो. तिथंही मागचं दार बंद. "मांजर शिरायलंय." त्याच्या पुढच्या घरी, "दोन दारं असली की बायको कोणत्या दारानं माहेरी गेली, कळत न्हाई." त्याच्या पुढचा तर सरळ म्हणाला, "दार? हितं दार कदी होतं? तुमाला भास झालाय. ऊन लागलंय तुमाला, ताक घ्या."

बुधवारपर्यंत गावातल्या विटा संपल्या. गुरुवारी लोकांनी दगड रचले, शुक्रवारी जुने पलंग, आणि एकानं तर दाराच्या जागी आपला म्हातारा बसवून वरून गिलावा करायला घेतला होता. म्हातारा शिंकला म्हणून वाचला!

आणि हे सगळं लिंपायला चिखल कुठला? आमच्या गल्लीचा! मुंजाजी मला रस्त्यात थांबवून म्हणाला, "आप्पाराव, तुमच्या गल्लीतला चिखल म्हंजी चिखल न्हाई, लोणी हाय लोणी! बारा बारा महिने मळलेला. ह्याला जोड न्हाई जिल्ह्यात!"

मला आधी आनंदच झाला. म्हटलं, कर येवो न येवो, चिखल तर जायलाय! टोपल्या भरभरून जायलाय! मी स्वतः दोन टोपल्या लोकांच्या डोक्यावर उचलून दिल्या. शनिवारी पाहतो तो गल्ली गुडघाभर खाली गेलेली. रविवारी कमरेएवढी. आणि सोमवारी सकाळी आडाचं पाणी त्या खड्ड्यात येऊन असं निवांत पसरलं, की बगळे येऊन बसले आणि येलदरीहून एक कोळी जाळं घेऊन आला. मला म्हणाला, "हितला ठेका कुणाकडं हाय?"

मी कमरेएवढ्या पाण्यातून, वही डोक्यावर धरून, दारं मोजायला निघालो. संध्याकाळपर्यंत सगळं गाव फिरलो. घर, एक दार. घर, एक दार. घर, एक दार! शेठकडं, एक दार. सगळं गाव एका दिवसात गरीब झालं होतं. पट्टीचा नवा पैसा लागू होईना!

पुन्हा सभा. आखाती आता तीन आठवड्यांवर.

शेठ टेबलावर मूठ आपटून म्हणाले, "मी म्हणतो, पहिलं दार तरी माफ कामून? न्यायाच्या करात माफी कसली?"

"शेठ," कुसुमबाई शांतपणे म्हणाल्या, "तुमची तेरा दारं गेली कुठं?"

"कोणती तेरा?"

"आता हा कर गरिबावर बसायलाय. माझ्या मोहल्ल्यात घराला एकच दार, ते बी बांबूच्या तट्ट्याचं. माझा इरोध लिहा, आप्पाराव. मोठ्या अक्षरात लिहा."

मी लिहिला. पण ठराव मंजूर झाला. माफी गेली.

कुसुमबाई जाता जाता म्हणाल्या, "ठीक हाय. आमी बी कायी कच्चे न्हाईत."

दुसऱ्या दिवशी भीमनगरात गेलो. "जय भीम, कुसुमबाई. दारं मोजायची हायत."

"जय भीम. मोजा की!"

बघतो तर एकाही घराला दार नाही! तट्टे काढून सगळ्यांनी अंगणात उन्हाला मांडव घातला होता आणि त्याखाली बायामाणसं शिवणाला बसली होती. घरांना नुसत्या मोकळ्या चौकटी.

"आमच्यात चोरून नेण्यासारखं हाय काय?" कुसुमबाई हसून म्हणाल्या. "ज्याला भ्या हाय त्यानं दार लावावं आन् त्याची पट्टी भरावी. बसा, पाणी घ्या."

आता तुम्हीच सांगा, ह्याहून न्यायाचा कर कोणता? पण बाकीच्या गावाला दार काढवेना, कारण चोरांची भीती. आणि दार ठेववेना, कारण माझी भीती! मग त्यांनी काय केलं असेल? सांगा! नाहीच सांगता येणार. त्यांनी उरलेलं दारही लिंपून टाकलं, आणि वरून जायला लागले!

आमच्याकडची घरं माळवदाची. लाकडी सऱ्यांवर, म्हणजे तुळयांवर, माती घालून केलेलं सपाट छत, वर माणूस बिनघोर चालतो. घराला घर लागून, त्यामुळं माळवदाला माळवद लागून, गावाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. शेवटी एक टेकाड, ते उतरत उतरत थेट शेवटच्या माळवदाला टेकलेलं. आणि प्रत्येक माळवदाला उजेड यायला, धूर जायला एक भोक. त्याला साणं म्हणतात. आजपर्यंत साण्यातून फक्त धूर आणि मांजर जात होतं. आता सगळं गाव जायला लागलं, कारकुनासकट!

साणी मोठी केली, शिड्या लावल्या, आणि दोन दिवसांत खालचे रस्ते ओस पडले. वर मात्र काय ती रहदारी! दूधवाला साण्यातून लोटा सोडायचा. पोस्टमन पत्र सोडायचा, खाली चुलीवर पडलं तर आतून ओरड यायची, "माहेरचं व्हतं ना वो!" न्हाव्यानं दुकान वर मांडलं. हॉटेलवाल्यानं भट्टी वर नेली. एकानं म्हैस वर नेली, आणि ती खाली यायला तयार होईना, कारण तिला तिथून पेडगावपर्यंतचं दिसायला लागलं होतं!

शेठचं मात्र वाईट झालं. ते साण्यातून खाली उतरताना पोटाशी अडकले. वरचा अर्धा माळवदावर, खालचा अर्धा घरात. ओढून बघितलं, ढकलून बघितलं, एरंडाचं तेल ओतून बघितलं. नाही म्हणजे नाही! मग पुढच्या सगळ्या सभा त्यांच्या माळवदावरच भरल्या, कारण अध्यक्ष जागेवरून हलू शकत नव्हते. खालून शेठाणी विचारायच्या, "भाकरी वाढू का वो?" वरून शेठ म्हणायचे, "मंजूर!" आणि कारकून म्हणून मला ते लिहून घ्यावं लागायचं.

आणि यष्टी! एके दिवशी जिंतूरची यष्टी खाली आली, बघते तर चिटपाखरू नाही. उतारू सगळे वर उभे, हात करायलेत. डायव्हर हुशार. त्यानं गाडी टेकाडावर घातली आणि सरळ माळवदावर आणून उभी केली. कंडक्टर घंटी मारून ओरडला, "चला, माळवद, माळवद! मधी साण्यावर कोणी उतरणार हाय का?"

इथं सुपाचा आवाज थांबला.

"यष्टी?" सगुणाबाई म्हणाली. "माळवदावर?"

"रिकामी होती," मी म्हणालो.

तिनं सुपातला एक खडा वेचून बाहेर फेकला आणि पुन्हा पाखडायला घेतलं.

तर अशी आखाती उजाडली. दारपट्टीचा नवा पैसा जमला नव्हता. गल्लीत फरशी तर नव्हतीच, कमरेएवढं पाणी होतं. कोकिळा हळद लावून खाली घरात बसली होती; तिच्याकडं बघायची माझी छाती होईना. आणि टेकाडापलीकडं पेडगावचा बँड वाजायला लागला.

सटवाजीराव पुढं आले. गल्लीच्या तोंडाशी उभं राहून त्यांनी ते पाणी बघितलं, बगळे बघितले, आणि जाळं टाकून बसलेला कोळी बघितला.

"आप्पाराव!" ते गरजले. "ही गल्ली हाय का पूर्णा नदी? ही तुमची फरशी?"

मी वरून, माळवदावरून, हात जोडले. "इवाई, खाली काय बघायलाव? वर या! अशी वाट अख्ख्या जिल्ह्यात न्हाई. चिखलाचा थेंब न्हाई, शेणानं सारवलेली हाय! आजवर सगळ्यांच्या वराती रस्त्यावरून गेल्या. गावाच्या डोक्यावरून कुणाची गेली का?"

सटवाजीरावांनी मान वर केली. मिशीला पीळ दिला. "डोक्यावरून म्हणता? अख्ख्या गावाच्या?"

"नगराध्यक्षाच्या सुद्धा!"

"घ्या रे घोडं वर!" सटवाजीराव म्हणाले.

काय ती वरात! टेकाडावरून बँड चढला, मागं घोडा, घोड्यावर नागनाथ, मागं अख्खं चारठाणं. माळवदामागून माळवद खाली जायलंय. साण्यासाण्यातून बायकांची डोकी वर आलेली, वाफ्यातल्या कोबीच्या गड्ड्यांसारखी, आणि त्या तिथूनच अक्षता टाकायल्यात. घोडा मोठा समजूतदार. प्रत्येक साण्याला वळसा घालून, बायकांना न दुखवता चालायलाय. येलदरीच्या तारा नवरदेवाच्या फेट्यावरून इतक्या जवळून गेल्या, की फेट्याचा तुरा उभा राहिला तो तीन दिवस बसला नाही!

मधल्या वाटेत शेठ. अर्धे.

"शेठ, बाजूला व्हा!" बँडवाला ओरडला.

"मी बाजूला होऊ शकत असतो तर हितं कामून बसलो असतो?"

आता काय? एका बाजूला न्हाव्याचं दुकान, दुसऱ्या बाजूला म्हैस. घोड्यानं क्षणभर शेठकडं बघितलं, शेठनं घोड्याकडं बघितलं, दोघांचं काहीतरी ठरलं, आणि घोड्यानं उडी मारली! शेठच्या टोपीवरून, हॉटेलवाल्याच्या भट्टीवरून, थेट आमच्या माळवदावर! आणि आमच्या माळवदाची सर तिथंच कडाडली.

खाली भटजी अंतरपाट धरून मंगलाष्टकं म्हणत होते. वरून माती पडायला लागली तशी त्यांनी वर बघितलं आणि ओरडले, "सावधान!" सबंध हयातीत त्यांनी ते पहिल्यांदाच वेळेवर म्हटलं! धप्पकन् घोडा आणि घोड्यावरचा नागनाथ अंतरपाटाच्या बरोब्बर पलीकडं! खरचटलंसुद्धा नाही. फक्त धुरळा उडाल्यामुळं कोकिळेनं पहिली माळ घोड्याच्या गळ्यात घातली. दुसरी नागनाथाच्या.

लग्न लागलं! बँड वाजला! आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं, की घोडा घरात आहे आणि घराला दार नाही.

घोडा काही शिडी चढेना. गूळ दाखवला, चढेना. सटवाजीरावांनी स्वतः चढून दाखवली, तरी चढेना! शेवटी मुंजाजीनं पहार घेतली आणि भिंत फोडली. तेवढ्यात वरून साण्यातून कुसुमबाईंचा आवाज आला, "आप्पाराव! भिंत फुटली की दार झालं! करा नोंद! एक दार!"

मी करून टाकली. पहिली दारपट्टी माझीच!

पण त्या दारातून जी हवा आत आली, ती हवा! पंधरा-वीस दिवस भुयारात राहिल्यासारखं झालेलं गाव साण्यातून माना काढून ती हवा हुंगायला लागलं. पहिल्यांदा शेठच ओरडले, "मरू दे तो कर! फोडा माझी दारं!" त्यांची भिंत फोडली तशी आतून ढिली झाली आणि शेठ धाडकन् मोकळे झाले. मग घरोघर पहारी चालल्या. संध्याकाळपर्यंत गावाची सगळी दारं परत उघडली, आणि दर दारात कुसुमबाई वही घेऊन उभ्या! शेठ, चौदा! पुढं चला! आठवड्यात निम्मा पैसा जमला, निम्मा सरकारनं दिला, आणि आमच्या गल्लीत शहाबादी फरशी बसली. अशी चकचकीत, अशी गुळगुळीत, की बाया त्यात बघून कुंकू लावतात! नाली अशी, की तिच्यातलं पाणी ...

सगुणाबाईनं सूप खाली ठेवलं.

"अहो," ती म्हणाली, "आपल्या घराला माळवद कदी होतं? पत्रे हायत वर, पत्रे! तुमी सभेत दारं मोजा म्हणलाव, शेठ उठून घरी गेले, आन् सभा तिथंच मोडली. कुणाचं दार बुजलं न्हाई, कुणी पट्टी भरली न्हाई. कोकिळेचं लगीन चारठाण्याला झालं, इवायाच्या दारात, पाया पडून. आन् फरशीत बघून कुंकू लावायल्यात म्हणं! उठा आता, यष्टी यायची येळ झाली. पोरगी-जावई उतरतील. गल्लीत चार धोंडे टाकून या, न्हाई तर जावई गुडघ्यापातुर भरून येतील!"